कोरड्या तळ्यातला मणीबाजार

एका राज्यात सुमंतसेन नावाचा राजा होता. त्याच्या नगराबाहेर विस्तीर्ण तळे होते आणि तळ्याच्या पोटात एक बुडालेले गाव होते. त्या गावच्या देवीच्या गळ्यात एकशेआठ मण्यांची माळ आहे, असे राजाच्या कानी आले. त्याने बांध फोडला, पाणी सोडून दिले, माळ काढून आणली आणि राणी मंदाकिनीच्या गळ्यात घातली.

तिसऱ्या दिवशी माळ तुटली. मणी महालभर घरंगळले. एकशेपाच सापडले, तीन सापडले नाहीत. दोरा हातात घेताच त्याचा चिखल झाला. माळेची टोके जोडणारा फासा पाणी होऊन वाहून गेला. आणि त्या दिवसापासून रोज मध्यान्ही, सूर्य डोक्यावर आला की, नगरातल्या तीन माणसांचा आवाज जाऊ लागला. ओठ हलत, गळ्याच्या शिरा फुगत, पण शब्द उमटत नसे.

राजाने रत्नपारखी बोलावले. हरवलेल्या तीन मण्यांच्या जागी त्यांनी माणके आणली, ती पाहता पाहता पिचली. मोती आणले, त्यांचे पीठ झाले. मग राजाने राज्यातला झाडून सगळा मणी विकत घेण्याचा हुकूम काढला. काचेचा, लाखेचा, हाडाचा, मातीचा, दिसेल तो मणी कोठारात गेला. माळेत ओवून पाहिलेला एकही टिकला नाही. मात्र बाजारात मणी दिसेनासे झाले, आणि ज्यांनी थोडे लपवून ठेवले होते ते मूठभर काचमण्यांना सोन्याची मोहोर मागू लागले.

त्या नगरात हौसा नावाची पटवेकरीण राहत होती. माळा ओवाव्या, गोंडे करावे, तुटलेल्या पोती गाठवून द्याव्या, हा तिचा धंदा. मण्यांवाचून तिची सुई बसून राहिली. त्यातच एका दुपारी तिच्या तान्ह्या मुलीचा आवाज गेला. बाळ रडे, तोंड लालबुंद होई, आणि घरात मात्र काही ऐकू येत नसे. हौसा आणि तिची सासू आळीपाळीने पाळण्याशी बसत. नजर हलली की बाळ भुकेने रडत आहे हे कळायलाही मार्ग नव्हता.

तळ्याच्या गाळात जुने मणी सापडतात, असे हौसाने ऐकले होते. पाळणा सासूवर सोपवून ती टोपली घेऊन निघाली. भेगाळलेल्या तळात एक टिटवी एका पायावर उभी होती.

टिटवी म्हणाली, "बाई, काय शोधतेस?"

"मणी. मला परवडतील असे."

"मध्यान्हीला इथे बाजार भरतो. मणी, दोरा, फासा, तिन्ही मिळतील. त्यांनी माळ पुरी होईल. पुरी झालेली माळ देवीच्या गळ्यात गेली तर शाप फिटेल. पण मोल म्हणून हातच्या कामाखेरीज काही देऊ नकोस. बुडालेल्या गावच्या कारागिरांनी आपल्या कष्टाने देवीला ती माळ वाहिली होती. दुसरे मोल तिला सोसत नाही."

एवढे बोलून टिटवी उडून गेली. सूर्य डोक्यावर आला आणि बाजार भरला. माणसे कोणत्या वाटेने आली ते दिसले नाही. पाले होती, तागड्या होत्या, गिऱ्हाइके होती. गलका नव्हता. कडक उन्हातही सगळ्यांचे केस निथळत होते आणि पायाखाली तळव्याएवढीसुद्धा सावली नव्हती.

पहिल्या पालात एक म्हातारी सुपात मणी घेऊन बसली होती. हौसाने निळसर रंगाचे तीन मणी निवडले. ते हाताला ओले लागले.

"आई, काय घेणार?"

"तुझे नाव दे, लेकी. स्वस्त आहे."

"नाव देता येणार नाही. तुमच्या गळ्यातली पोत तुटली आहे. ती गाठवून देते."

म्हातारीने तुटलेली पोत चाचपली. मग मान पुढे केली. हौसाने पोत गाठवली आणि तिच्या गळ्यात बांधली. बोटांना कातडे लागले, पण कातड्याखाली नाडी लागली नाही. म्हातारीने डोळे मिटले. "फार दिवसांनी कुणाचा ऊन हात लागला," ती म्हणाली, आणि तिने मणी दिले.

दुसऱ्या पालात शेवाळाच्या रेशमाचा दोरा होता. विकणाऱ्याने तिची सावली मागितली. हौसाने त्याच्या बैलाकडे बोट दाखवले. बैलाची नुसती हाडे उभी होती. तिने पदराच्या दशा सोडून त्यांचा गोंडा केला आणि हाडांच्या मानेत घातला. बैलाने मान हलवली. दोरा मिळाला.

तिसरे पाल फासे विकणाऱ्या सोनाराचे होते. त्याच्या मागे मातीची लोटकी मांडली होती, तोंडाला फडके बांधलेली. आतून कुजबुज येत होती. एकात कुणी मंत्र म्हणत होते, एकात कुणी भाजीचा भाव सांगत होते.

हौसा म्हणाली, "सोनारदादा, एक फासा हवा. मी काम देईन, दुसरे काही देणार नाही."

"दुसरे मागतही नाही. आज तीन लोटकी बांधायची राहिली आहेत. तेवढी गाठ मारून दे."

हौसाने पहिले बांधले. दुसरे बांधले. तिसऱ्याला हात घातला आणि तिच्या लेकीचे रडणे तिला ऐकू आले. तिच्या छातीला पान्हा फुटला, चोळी भिजली.

"हे तर आजचे नाही," ती कशीबशी म्हणाली.

"याची गाठ रोज सुटते. फार जोर आहे पोरीत."

"मी हे उघडेच ठेवले तर?"

"तर तुझी मुलगी रडू लागेल. फासा मिळणार नाही. उद्या आणखी तिघे येतील, परवा आणखी तिघे."

हौसाने लोटके छातीशी धरले. क्षणभर तिला वाटले, असेच घेऊन पळत सुटावे. मग तिने फडके ओढले आणि गाठ मारली. पटवेकरणीची गाठ होती, ती सुटणारी नव्हती. रडणे आत दबले. सोनाराने मान खाली घालून फासा तिच्या ओंजळीत टाकला. बाजार मावळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भर दरबारात हौसाने माळ ओवली. तिन्ही मणी टिकले, दोरा टिकला, फासा बसला. राजा आनंदला.

"बाई, माग काय हवे ते. माळ राणीच्या गळ्यात शोभेल."

"महाराज, माळ देवीला परत द्यावी. एवढेच मागते."

"शाप माळ तुटल्याचा होता. आता ती जुळली आहे."

"नाही महाराज. शाप माळ काढून आणल्याचा आहे."

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच नगारखान्यात मध्यान्हीचा टोला पडला. राजाचे ओठ हलले. त्याने हात उगारला, पाय आपटला. दरबार हुकमाची वाट पाहत राहिला.

राणी मंदाकिनी उठली. तिने माळ उचलली आणि म्हणाली, "महाराज नको म्हणाल्याचे मला तरी ऐकू आले नाही."

ती अनवाणी तळ्याकडे चालू लागली. हौसा मागे निघाली, तिच्यामागे अख्खे नगर काठापर्यंत आले. तळ्यात बाजार भरला होता. ते निथळणारे लोक दोन रांगांनी उभे राहिले आणि मधून देवीच्या मूर्तीपर्यंत वाट झाली. राणीने माळ देवीच्या गळ्यात घातली. हौसाने मागून फासा अडकवला.

भेगांतून पाणी वर आले. टाचा भिजल्या, मग घोटे. राणी आणि हौसा काठाकडे धावल्या. बाजारातले लोक हलले नाहीत. म्हातारीने आपल्या पोतीवर हात ठेवला होता, बैल मान हलवत होता. पाणी त्यांच्या डोक्यावरून गेले, लोटकी फुटली आणि तळातून बुडबुडे येऊ लागले. एकेक बुडबुडा फुटला, एकेक आवाज सुटला. काठावर एकच कल्लोळ उठला. सासू बाळाला घेऊन धावत आली. बाळ गगनभेदी रडत होते. हौसाने त्याला पोटाशी घेतले, पण लगेच गप्प केले नाही. थोडे रडू दिले.

राजाला बोलता आले तेव्हा त्याने आधी देवीची क्षमा मागितली, मग हौसाची. त्याने बांध नव्याने बांधवला. कोठाराची दारे उघडली, ज्याचे मणी त्याला परत केले, आणि दवंडी पिटवली की ज्याच्या हाताला मणी ओवायचे काम आहे, त्या हाताला परवडेल त्याच भावाने या राज्यात मणी विकला जाईल. दर आठवड्याला तळ्याच्या काठी मण्यांचा बाजार भरू लागला. तिथे दिवसभर घासाघीस चाले, भांडणे होत, हाका घुमत, आणि त्या गलक्याची कुणी कधी तक्रार केली नाही. सांगणाऱ्याचा गळा मोकळा राहो, ऐकणाऱ्याचे घर बोलते राहो.