तासलेले रान

पूर्वी वेत्रपूर नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कोरड्या डोंगरात एका वनराखणदाराच्या घरी जन्मला होता. बापामागे रान त्याच्याकडे आले. रान म्हणजे ऐन, साग, मोह आणि पळस. दिसायला ओबडधोबड, पण चाळीस घरांचा पाडा त्यावर जगे. मोहाची फुले आणि झाडांनी धरून ठेवलेल्या झऱ्याचे पाणी हाच त्यांचा आधार होता.

एका चैत्रात राजाचे लग्न ठरले. वरात रानवाटेने येणार म्हणून नगरशोभेचा अधिकारी रूपसेन पंचवीस सुतार घेऊन हजर झाला. त्याने वर पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"ही झाडे उघडी का? पाने कुठे गेली?"

"उन्हाळ्यात ती पाने टाकतात, आर्य. ठेवली तर आतले पाणी उडून जाईल."

"महाराजांच्या लग्नात? आणि या साली पाहा! सुसरीची पाठ बरी. सगळ्या तासा, गुळगुळीत करा, वर चुना फासा."

बोधिसत्त्वाला आधी ही थट्टाच वाटली. सुतारांनी लाकूड तासायचे वाकस बाहेर काढले तेव्हा तो पुढे झाला. तो म्हणाला, "आर्य, दर उन्हाळ्यात इथे गवताला वणवा लागतो. साल जाड आहे म्हणून आतला जीव भाजत नाही. ती काढलीत तर झाड मेले समजा."

"मग वणवा लागू द्यायचा नाही. तुला ठेवला आहे कशाला?" असे म्हणून रूपसेनाने मनगटातले सोन्याचे कडे काढून पुढे केले. "हे घे आणि तोंड बंद ठेव."

कडे घेतले असते तर घरावर नवे छप्पर आले असते. बोधिसत्त्वाने ते घेतले नाही. रूपसेनाने ते पुन्हा मनगटात चढवले आणि काम सुरू करवले. आठ दिवसांत वाटेच्या दुतर्फा तीनशे झाडे सोलली गेली. एवढ्यावर भागले नाही. वाट झाडून सगळा पाचोळा बुंध्यांच्या मागे रचला गेला, का तर वरातीला दिसू नये. बोधिसत्त्व आणि त्याची बायको सामा ते ढीग उचलून लांब टाकत, आणि दुसऱ्या दिवशी झाडणारे नवे ढीग रचून मोकळे होत.

"पालथ्या घड्यावर पाणी," सामा म्हणाली. "या माणसाला डोके दिले आहे ते नुसते पागोटे बांधायला."

बोधिसत्त्वाला मनातून ते पटले.

वरात आली आणि गेली. नवी राणी पालखीत गाढ झोपली होती, तिने एकही झाड पाहिले नाही. भोयांनी वाटेत मांडलेल्या स्वयंपाकाच्या चुली न विझवता तशाच सोडल्या. दुपारी वारा सुटला आणि रान पेटले.

तीन दिवसांनी राजा पाहायला आला तेव्हा डोंगर काळाठिक्कर पडला होता. रूपसेन पुढे सरसावला. "महाराज, या राखणदारानेच रागाने आग लावली. आता हे कोळसे मुळासकट उपटू आणि इथे केळीची बाग लावू." राजाने कुदळी मागवल्या. पाड्यातल्या बायका रडू लागल्या. रान गेले की झरा जाणार आणि पाडा उठणार, हे त्यांना सांगायला नको होते.

बोधिसत्त्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी आवाज न चढवता तो म्हणाला, "महाराज, उपटण्याआधी मेले कोणते ते तरी पाहा."

त्याने न सोललेल्या एका ऐनाच्या काळ्या सालीवर कोयत्याचा घाव घातला. टवका उडाला आणि आत ओली, जिवंत साल दिसली. आणखी खोल घाव घातला तर पाणी ठिबकू लागले. मग त्याने सोललेल्या झाडाला कोयता लावला. ते आतपर्यंत कोरडे, तपकिरी होते. राजाने स्वतः वीस झाडे निवडून पाहिली. वीसही वेळा तेच दिसले. आग भोयांच्या चुलींपासून पसरली होती, हे तर जमिनीवरच्या राखेवरूनच कळत होते.

राजाने कुदळी खाली ठेवायला लावल्या आणि रूपसेनाला हद्दपारीची शिक्षा सुनावली.

'गेली एकदाची पीडा,' हे शब्द बोधिसत्त्वाच्या अगदी ओठांवर आले. पण रूपसेन राजाच्या पायांवर कोसळलेला पाहून त्याला कीव आली. तो म्हणाला, "महाराज, सोललेल्या झाडांची मुळे जमिनीखाली जिवंत असतील. त्यांना फुटवे येतील. ते गुरांनी खाल्ले तर झाड कायमचे जाईल. राखायला माणूस हवा आहे. याला माझ्याकडे द्या."

रूपसेन राहिला आणि बोधिसत्त्वाची खरी परीक्षा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी रूपसेन एक मूळ उकरून बसलेला दिसला.

"हे काय चालवले आहे?"

"जिवंत आहे का ते पाहतो."

"उकरलेस तर मरेल."

चौथ्या दिवशी त्याने दुसरे मूळ उकरले. अशी अकरा झाडे झाली. प्रत्येक वेळी बोधिसत्त्वाने दातओठ खात माती पुन्हा लोटली आणि तेच वाक्य सांगितले.

"अहो, एकदा तरी ओरडा त्याच्यावर!" सामा म्हणाली.

"ओरडलो तर पळून जाईल. मग तीनशे झाडे काय तू राखणार?"

ज्येष्ठात एका जळक्या बुंध्याच्या तळातून लालसर कोंब वर आला. रूपसेन धावत आला. त्याचे डोळे भरून आले होते आणि हातात कोयता होता. "आला! आला! पण फारच वेडावाकडा आहे हो. जरा छाटून सरळ करू का?"

बोधिसत्त्वाने डोळे मिटले. मग त्याने रूपसेनाच्या हातातला कोयता काढून घेतला आणि म्हणाला, "बस इथे. पहिल्यापासून सांगतो."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात एका तरुण भिक्खूला सांगितली. तो वृद्धांच्या ठिगळांच्या चीवरवस्त्रांना नाके मुरडत असे. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे तुझा उपाध्याय. सामा म्हणजे काल तुला चार शब्द सुनावणारी उपासिका. रूपसेन तू होतास आणि तो राखणदार मीच होतो."

भिक्खूने मान खाली घालून विचारले, "भगवन्, त्या जन्मात मला शेवटी समजले का?"

"नाही," शास्ते म्हणाले. "म्हणून तर आज पुन्हा सांगतो आहे."

या पुन्हा पुन्हा सांगण्यालाच क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता, म्हणतात.