एकही फट सोडू नका

एका गावात एक भोळा नवरा राहत होता. नाव पुरुषोत्तम. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. घरच्यांची अडचण तीच होती.

त्याची बायको शर्वरी. चांगली शिकलेली, पण काळजीनं अर्धी झालेली. त्यांची आठ महिन्यांची ओवी नुकती रांगायला लागली होती आणि नव्या फरशीचे सांधे अजून उघडेच होते. त्यांतून लाल मुंग्या निघत आणि पोरीच्या गुडघ्यांना डसत. त्यात रविवारी ओवीचं बोरन्हाण. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा ओतायचा आणि गल्लीतल्या पोरांनी तो फरशीवरून वेचायचा. म्हणजे मुंग्यांना आवतणच.

"अहो, सांधे भरायचं ग्राऊट आणा. फरशी बघून जा, तिच्याच रंगाचं आणा."

पुरुषोत्तमानं फरशी बघितली. ओवीनं तिथं आत्ताच नाचणीची पेज सांडली होती. त्यानं पेजेच्या रंगाचं ग्राऊट आणलं.

फरशी राखाडी होती. शर्वरीनं कपाळावर हात मारला. "अहो, आधी पुसायचं, मग बघायचं!" मग तिला वाटलं, मीच नीट सांगायला हवं होतं.

"बरं," पुरुषोत्तम म्हणाला.

त्यानं ग्राऊट बदलून आणलं, कालवलं, सांधे भरले. मग ओलं फडकं घेऊन सगळं खसाखसा पुसून काढलं आणि उकिडवा बसला. सांधे होते तसे रिकामे.

"हे काय?"

"आधी पुसलं. आता बघतोय."

शर्वरीनं पिशवीवरच्या सूचना दोनदा वाचल्या. चूक आपलीच, सूचना आधी वाचायला नकोत? "अहो, भरलं की लगेच नाही पुसायचं. थोडं सुकू द्यायचं."

"बरं."

संध्याकाळी तिनं त्याला ओवीला पेज भरवायला सांगितलं. ती कपडे वाळत घालून आली तर पेज पोरीच्या गालावर, नाकावर, कानात. वाळून पेजेला भेगा पडलेल्या. हनुवटीवर मुंग्यांची रांग. पुरुषोत्तम हाताची घडी घालून शेजारी बसलेला.

"अहो, पुसलं का नाही?"

"सुकतंय अजून."

"मुंगी दिसली की बसून राहायचं नसतं! तिथल्या तिथं बंदोबस्त करायचा!"

"बरं."

शनिवारी शर्वरी ओवीला घेऊन मागच्या गल्लीतल्या सिंधूमावशींकडे मुक्कामाला निघाली. पोरगी ओल्या ग्राऊटवर रांगायला नको. दारातून तिनं फार विचार करून, एकेक शब्द तोलून सांगितलं, "आज भरा, थोडं सुकलं की पुसा. आणि मुंगी शिरेल अशी एकही फट सोडू नका."

यात चुकण्यासारखं काही नव्हतं. तिनं वाटेत तीनदा तपासून पाहिलं.

रविवारी दुपारी ती परतली. कडेवर हलव्याचे दागिने घातलेली ओवी, मागे मावशी, त्यांच्यामागे पिशव्या घेतलेली पोरं. किल्ली फिरली, पण दार हलेना. चौकटीच्या कडेनं, उंबऱ्याशी, खिडक्यांभोवती आतून भरलेलं राखाडी ग्राऊट. अगदी गुळगुळीत. मोरीचं तोंडसुद्धा बंद.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "हात मात्र सुबक हो जावयांचा!"

शर्वरीनं किल्ली काढून किल्लीच्या भोकाला तोंड लावलं. "अहो! आत आहात ना?"

"आहे की. फरशी झकास झालीय. एक फट सोडली नाही."

"अहो, दार तरी सोडायचं!"

"मुंग्या दारातूनच येतात जास्त."

"ते राहू द्या. नीट ऐका. आता मी सांगते तसंच..."

तेवढ्यात ओवीच्या हलव्याच्या बिंदलीवरची एक मुंगी दारावर उतरली, तुरुतुरु चालत गेली आणि भोकातून आत शिरली.

"मुंगी!" आतून आवाज आला. थापीची खरखर ऐकू आली. मग भोकही राखाडी झालं आणि आवाजही बंद झाला.

बोरन्हाण अंगणातच झालं. मुंग्या झाडून सगळ्या आल्या होत्या. आतली एक सोडून.