कच्चे दात, पक्कं सिमेंट

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक दंतवैद्य होता. त्याचं नाव डॉक्टर श्रीरंग मांडके. हात हलका, बोलणं त्याहून गोड. इंजेक्शन देताना तो रोग्याला असा काही गप्पांत गुंतवायचा, की सुई कधी गेली ते कळायचंही नाही. गावाला त्याचा अभिमान होता. त्याला स्वतःला तर होताच होता.

त्याच गावात केरबा गुरव राहायचा. देवीच्या नगारखान्यात रोज पहाटे सनई वाजवणं हे त्याच्या घराण्याचं काम. केरबाच्या सनईवर गाव उठायचं, चुली पेटायच्या, म्हशी गोठ्यातून बाहेर निघायच्या. एकदा देवळाच्या ओल्या पायऱ्यांवरून तो तोंडघशी पडला आणि वरचे पुढचे दोन दात गेले. दुसऱ्या कुणाचे गेले असते तर फार तर ऊस खाणं सुटलं असतं. केरबाच्या ओठांचा आतला आधारच गेला. सनईची पत्ती ओठांत धरायची, तर हवा फटीतून निसटायची आणि सुराऐवजी नुसती फुसफुस व्हायची. देवीपुढची सेवा बंद पडली.

केरबा डॉक्टरकडे गेला. बरोबर त्याची बायको शेवंता होती.

"घाबरू नका गुरव," डॉक्टर म्हणाला. "शेजारचे दोन दात थोडे घासू, त्यांच्यावर टोप्या बसवू आणि त्या टोप्यांना मधले दोन दात जोडलेले असतील. याला ब्रिज म्हणतात. पक्का ब्रिज शहरातल्या लॅबमधून येईल. तोवर तात्पुरता देतो."

"चांगलं दात घासायचं?" शेवंताने विचारलं.

"वहिनी, माझ्यावर भरवसा ठेवा."

त्यांनी ठेवला. डॉक्टरने शेजारचे दोन धडधाकट दात घासून खुंटीएवढे केले. मग पावडर आणि द्रव कालवून दाताच्या रंगाचं प्लॅस्टिक तयार केलं, त्याचा तात्पुरता ब्रिज घडवला आणि बसवला.

आता तात्पुरते दात म्हणजे लबाडी, असं कुणी समजू नये. ते शहाणपणाचंच काम आहे. घासलेला दात उघडा ठेवला तर गार पाण्यानेसुद्धा मस्तकात कळ जाते. तात्पुरती टोपी त्याला झाकते, माणसाला चार घास खाऊ देते. मात्र ते प्लॅस्टिक मऊ. झिजतं, हळदीने पिवळं पडतं, कडेला फट राहते. म्हणूनच ते मुद्दाम कच्च्या सिमेंटने चिकटवतात, पक्का ब्रिज आला की अलगद निघावं म्हणून. निघणं हाच त्याचा धर्म.

पक्क्या ब्रिजसाठी डॉक्टरने केरबाच्या दातांचं माप एका लगद्यात घेतलं होतं. तो साचा लगेच प्लॅस्टर ओतून भरायचा असतो. तसाच ठेवला तर वाळतो, आकसतो आणि त्यावरून केलेला ब्रिज कुणाच्याच तोंडात बसत नाही. हे डॉक्टरला पाठ होतं. पण त्या दुपारी शेजारच्या गावात व्यायामशाळेचं उद्घाटन होतं आणि फीत त्याच्याच हातून कापायची होती. तो साचा टेबलावर ठेवून गेला. हार घालून परत आला तोवर साचा वाळून वेडावाकडा झाला होता.

चूक झाली. होते माणसाच्या हातून. "गुरव, माझ्याकडून माप बिघडलं, पुन्हा घेऊ या," एवढंच म्हणायचं होतं. केरबा हसून तोंड उघडून बसला असता. पण एवढ्या गोड जिभेच्या माणसाला हे साधं वाक्य काही बोलता येईना. साचा केराच्या टोपलीत गेला आणि केरबाला सांगण्यात आलं, "लॅबमधून अजून आलं नाही."

तात्पुरता ब्रिज आपल्या धर्माला जागला. कधी भाकरी तोडताना निघाला, कधी शिंकेसरशी. एकदा तर नगारखान्यात ऐन वाजवताना निघून केरबाच्या मांडीवर पडला. दर वेळी केरबा तो रुमालात बांधून दवाखान्याची पायरी चढायचा.

"डाक्टर, ह्ये पुन्यांदा निघालं बघा. पक्कं कवा येनार?"

दर वेळी डॉक्टर कच्चं सिमेंट लावून तो परत चिकटवायचा आणि लॅबच्या नावाने बोटं मोडायचा. शेवटी शेवटी बाकावर बसलेले रोगी गालात हसू लागले. डॉक्टरला ते हसणं सोसवेना.

त्याच्या कपाटात दोन डब्या होत्या. एक कच्च्या सिमेंटची, एक पक्क्याची. नवं माप घ्यायला त्याला फार वेळ लागला नसता, फक्त आधी खरं बोलावं लागलं असतं. त्याने पक्क्या सिमेंटची डबी काढली आणि तोच मऊ, फटी राहिलेला, पिवळट ब्रिज केरबाच्या दातांवर घट्ट बसवून टाकला.

"आता निघायचं नावच घेणार नाही," तो म्हणाला. आणि खरंच निघाला नाही.

इथे माझं डोकं फिरतं. कारण गावाने काय करावं? गावाने डॉक्टरची वाहवा केली! केरबा स्वतः देवळात सांगत सुटला, "डाक्टरच्या हाताला गुन हाय. त्यानं मनावर घेतलं आनि दात जाग्याव ऱ्हायलं." दात हलत नाही म्हणजे दात बरा झाला, असा या भाबड्या लोकांचा हिशेब. देवस्थान कमिटीने डॉक्टरला शाल आणि नारळ दिला. त्या सत्काराला सनई कुणी वाजवली? केरबाने. डॉक्टरने मान खाली घालून शाल घेतली. लोकांना वाटलं, किती हा विनय!

एकट्या शेवंताला ते पटत नव्हतं.

"अवं, त्ये तात्पुरतं म्हनत हुतं न्हवं?" ती नवऱ्याला म्हणाली. "मग आता निघंना कसं?"

"गप गं. निघालं तरी बोलतीस, न्हाई निघालं तरी बोलतीस."

पुढे केरबाच्या तोंडाला वास येऊ लागला. हिरडी सुजली. शेवंता त्याला ओढून दवाखान्यात घेऊन गेली. आत काय चाललं असेल, हे डॉक्टरला बघायचीही गरज नव्हती. कडेच्या फटीतून अन्न शिरणार, लाळ शिरणार, आणि घासलेल्या दातांना कीड लागणार. ब्रिज तेव्हाच कापून काढला असता तर कदाचित ते दोन दात वाचले असते. पण कापायचा म्हणजे का कापतो ते सांगायला हवं. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "लवंग चघळा. वयाने होतं असं."

घटस्थापनेची पहाट आली. देऊळ माणसांनी भरलेलं. केरबाने सनई ओठांना लावली, दम भरला, पहिला सूर उचलला आणि तो मधेच तुटला. ब्रिज निघाला होता, पण या वेळी तो एकटा नव्हता. आतले दोन्ही दात हिरडीपाशी मोडून त्याच्याबरोबर आले होते. काळे, पोकळ, कुजक्या लाकडासारखे. केरबाच्या सदऱ्यावर रक्त सांडलं. लोक सनईची वाट बघत उभे राहिले आणि घट मुक्यानेच बसले.

नवराबायको तसेच दवाखान्यात गेले. डॉक्टरने तोंड तपासलं आणि सुस्कारा सोडला.

"गुरव, फार उशीर केलात. आधी यायला हवं होतं."

केरबाला नीट बोलता येत नव्हतं. तरी तो म्हणाला, "आलो हुतो की, डाक्टर. दर खेपेला आलो हुतो. तुमीच चिकटवून लावून दिलं."

"आता ब्रिजला आधार द्यायला शेजारी दातच उरले नाहीत. कवळी लावावी लागेल. सनईचं मात्र सांगता येत नाही. शेवटी नशिबाचा भाग असतो."

नशिबाचा! साचा काय नशिबाने वाळवला होता? पक्क्या सिमेंटची डबी काय नशिबाने उघडली होती?

शेवंताने रुमाल सोडला आणि तो ब्रिज त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"बघा डाक्टर, तुमचं सिमेंट अजून सुटलं न्हाई. आमचं दात सुटलं."

बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कुणीही हसलं नाही.

केरबाने कवळी लावून पाहिली. सनईत दम भरला की ती सरकायची. त्याने पुष्कळ दिवस प्रयत्न केला आणि मग सनई कापडात गुंडाळून देवीच्या पायाशी ठेवली. नगारखान्यात आता पहाटे लाउडस्पीकर लागतो. त्यातून कुठल्या तरी परक्या माणसाची सनई खरखरत येते आणि केरबा अंथरुणात उठून बसून ऐकतो. कमिटी म्हणते, ही तात्पुरती सोय आहे.

तात्पर्य: आपली चूक झाकण्यासाठी जो कच्चं काम पक्कं चिकटवून टाकतो, तो फक्त तक्रार बंद करतो. कीड आत चालूच राहते, आणि तिचा भोग त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्याच्या वाट्याला येतो.