उजेडाईचा वसा आणि कुंदाचा कॅमेरा

बायांनो, हातात अक्षता घ्या, मोबाइल पालथे घाला, अन् उजेडाईची कहाणी ऐका.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीशी एस.टी.चा स्टँड होता, स्टँडामागच्या आळीत कुंदा नावाची बाई राहत होती. घरी नवरा होता, लेक परगावी शिकत होती, नणंद पलीकडच्या आळीत दिली होती. कुंदा ब्लाउज शिवी. साऱ्या नगराची मापं तिला तोंडपाठ. बाई उंबरठ्यात उभी राहिली की टेप न लावता हिनं माप सांगावं, अन् ते बरोबर निघावं. कुंदाला नाद एकच, फोटो काढायचा. बापानं दिलेला रोलचा जुना कॅमेरा होता. जडशीळ, ओबडधोबड. बटण दाबलं की खाडकन वाजे, समोरचा माणूस दचके, अन् फोटोत दचकलेलाच येई.

एके दिवशी काय झालं? कुंदा हूक अन् अस्तर आणायला बाजारात गेली. वाटेत कॅमेऱ्याचं दुकान लागलं. काचेआड एक कॅमेरा मांडला होता. परदेशी बनावटीचा, रेंजफाइंडर जातीचा, काळाभोर, तळहातावर बसेल एवढा. दुकानदार म्हणाला, "ताई, घ्यायचा नसला तर नसू दे, हातात तर धरा." कुंदानं हातात धरला. डोळ्याला लावला. बघायच्या खिडकीत दुकानदाराच्या दोन छाया दिसल्या, एक पक्की, एक पुसट. भिंगाची कडी फिरवली, तशी पुसट छाया सरकली, सरकली, अन् पक्कीवर जाऊन बसली. दोन काठ बिनचूक जुळावेत, तसं झालं. मग बटण दाबलं. चुटकी वाजावी एवढाच आवाज. दुकानदार दचकला नाही, त्याला कळलंही नाही. कुंदा तिथंच हरली.

किंमत पुसली. ऐकून मटकन बसली. मग म्हणाली, "भिंगासकट ना?" दुकानदार म्हणाला, "भिंग वेगळं, ताई." "म्हणजे साडी घेतली, अन् ब्लाउजपीस निराळा?" "होय ताई. अन् ब्लाउजपीसही साडीच्याच भावात."

कुंदा घरी आली. पैसे नव्हते असं नाही हो. अठरा वर्षं पायडल मारून साठवलेलं, तिच्या एकटीच्या नावावर होतं. नव्हता तो धीर. नवऱ्याला पुसलं. नवरा म्हणाला, "गच्चीवर पत्रे घालू." नणंदेला पुसलं. नणंद म्हणाली, "वहिनी, मोहनमाळ करा, चारचौघींत दिसते तरी." लेकीला फोनवर पुसलं. लेक म्हणाली, "अगं आई, फोनमध्ये कॅमेरा आहे की!" तिघांनी तीन सांगितलं, अन् चौथं मन ऐकेना. रात्री झोप लागेना, दिवसा शिवण सरळ येईना. पाटलीणबाईंच्या ब्लाउजाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. हसताय काय? तुमच्याही मनात एखादा आहेच की असा, काचेआडचा.

मग कुंदा दुकानाशी गेली, पायरीवरून परतली. दुसऱ्यांदा गेली, दारातून परतली. तिसऱ्यांदा गेली, कॅमेरा हातात घेतला, ठेवला, बाहेर आली अन् पायरीवर बसून राहिली. तिथं एक म्हातारी आली. डोईवर पदर, हातात फुटका आरसा. म्हणाली, "का ग बाई, अशी का बसलीस?" कुंदा म्हणाली, "आजी, घेतला तर जीव खातो, नाही घेतला तरी जीव खातो. मी काय करू?" म्हातारी म्हणाली, "उजेडाईचा वसा घे." "तो कसा घ्यावा?" "तुला कशाला सांगू? चार दिवस करशील, पाचव्या दिवशी विसरशील." "नाही आजी, विसरणार नाही, टाकणार नाही, मिरवणार नाही."

तेव्हा म्हातारीनं वसा सांगितला. "सोळा रविवार करावे. सकाळी न्हावं, घरात असेल तोच कॅमेरा पुसावा, गंध लावावं, काचेला मात्र लावू नये. घराबाहेर पडावं. ज्याचं चित्र कुणी काढलं नाही असा माणूस गाठावा. लांबून चोरून घेऊ नये, दोन हातांच्या अंतरावर उभं राहावं, नाव पुसावं, मग चित्र घ्यावं. पुढल्या रविवारी ते त्याच्या हाती द्यावं, मगच दुसरं घ्यावं. सोळाव्या रविवारी मनाला पुसावं. घे म्हणालं तर घ्यावा, नको म्हणालं तर सोडावा. घेतला तर कोंडू नये, मिरवू नये, वसा मोडू नये." एवढं सांगितलं, आरसा उन्हात फिरवला. कुंदाचे डोळे दिपले. उघडून बघते तो म्हातारी नाही.

पहिल्या रविवारी कुंदा पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीवाला पिठानं पांढरा, भुवयासुद्धा पांढऱ्या. नाव पुसलं, चित्र घेतलं, पुढल्या रविवारी हाती दिलं. गिरणीवाल्यानं निरखून पाहिलं, म्हणाला, "असा दिसतो होय मी? बायको बरोबर म्हणते." अन् पोटभर हसला. दुसऱ्या रविवारी मंगल कार्यालयात भांडी घासणारीकडे गेली. सगळ्या नगराची लग्नं तिच्या राखेतून गेलेली, पण अल्बमात ती कुठंच नाही. चित्र हाती पडलं तशी तिनं ते ओल्या हातानं घेतलं नाही, आधी हात पुसले. कुंदाला गलबलून आलं. तिसऱ्या रविवारी स्टँडवर गेली. तिथं द्वारकाबाई गाड्या पुकारायच्या. त्यांचा आवाज नगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक, तोंड मात्र कुणाला ठाऊक नाही, कारण बाई सदा कोंदट खोलीत माइकपाशी. द्वारकाबाई म्हणाल्या, "माझा फोटो? अहो, मला तर लोक रेडिओ समजतात." असे सोळा रविवार झाले. सोळा माणसं झाली. सोळाही जण फोटोत दचकलेले.

मग कुंदानं मनाला पुसलं. मन म्हणालं, घे. कशाला घे? गळ्यात घालायला नव्हे, माणूस दचकू नये म्हणून घे. कुंदानं नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "पत्र्यांचं पुढल्या वर्षी बघू. चल, मीही येतो, एवढे पैसे घेऊन एकटी जाऊ नकोस." दोघं गेली, कॅमेरा घेतला, भिंग घेतलं, पेढे वाटले.

इथपर्यंत सगळं छान. पण कुंदा काय झाली? उतावळी होती ती मिजासखोर झाली. कॅमेऱ्याला मखमलीची पिशवी शिवली, पिशवीला जरीचा काठ लावला. भिशीत नेला, हळदीकुंकवाला नेला, "हात लावू नका हं, बोटं उमटतात," म्हणाली. रविवार आला, म्हणाली, "आज ऊन कडक आहे, काचेला बाधेल." दुसरा आला, म्हणाली, "आज धूळ आहे." तिसरा आला, म्हणाली, "आज पाहुणे आहेत." पाहुणे कॅमेराच बघायला आलेले. असा वसा मोडला. उजेडाईला राग आला.

तशात द्वारकाबाईंचा निरोप आला. "ताई, येत्या शुक्रवारी मी निवृत्त होते. माझा पहिला फोटो तुम्ही काढलात, शेवटच्या दिवसाचेही तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही." कुंदा म्हणाली, "येते की!" पैठणी नेसली, कॅमेरा मखमलीतून काढला, स्टँडवर गेली. चालक आले, वाहक आले, आगारप्रमुख आले. हार घातले, नारळ दिला, द्वारकाबाई रडल्या, सगळे रडले. कुंदा नाचत होती, कधी इकडून, कधी तिकडून, छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले.

मग रोल धुवायला दिला. आणायला गेली. स्टुडिओवाला मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "ताई, रोल कोरा निघाला. भिंगावरचं झाकण काढलं होतंत ना?" कुंदानं कपाळावर हात मारला. जुन्या कॅमेऱ्यात भिंगातूनच दिसे, झाकण राहिलं तर सगळा अंधार, चूक जागच्या जागी कळे. नव्याची बघायची खिडकी निराळी, भिंग निराळं. झाकण असलं तरी खिडकीत जग लख्ख. अन् समोरच्या एवढ्या माणसांतही कुणी बोललं नाही. त्यांना वाटलं, भारी कॅमेऱ्याचा डोळा असाच काळा असेल.

कुंदा रडली. जेवली नाही, मशीन उघडलं नाही. बाईचा अखेरचा दिवस, हार सुकले, माणसं पांगली, आता तो कुठून आणावा? कॅमेरा पिशवीत घातला अन् विकायला निघाली. दुकानाच्या पायरीवर तीच म्हातारी. म्हणाली, "काय ग, कॅमेऱ्यानं काय केलं?" "त्यानं काही केलं नाही, आजी. मी मिरवला." "आणखी?" "मी कोंडला." "आणखी?" "मी वसा मोडला. मला हा शोभत नाही, विकते." म्हातारी म्हणाली, "विकलास तर पैसे परत येतील. तिचा दिवस येईल का? जा, तिला तोंड दाखव." कुंदा म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हातारी म्हणाली, "आहे त्याच. दुसरं कुठाय तुझ्याकडे?"

कुंदा द्वारकाबाईंच्या घरी गेली. हात जोडले, सगळं खरं सांगितलं. द्वारकाबाई ऐकत राहिल्या. चेहरा उतरला, पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. कुंदाचा जीव कानात गोळा झाला. मग त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं हो. खोटं कशाला बोलू?" अन् पुढं म्हणाल्या, "पण हारतुऱ्यातली ती मी नव्हतेच. मी माइकपुढची. माझ्या जागी अजून कुणी रुजू झालेलं नाही. साहेबांना विचारते. रविवारी या."

रविवार आला. कुंदा न्हाली, कॅमेरा पुसला, गंध लावलं. मखमल घरीच ठेवली. साधी साडी नेसून स्टँडवर गेली. साहेब म्हणाले, "दहाची गाडी बाईंनीच पुकारावी, आमची हरकत नाही." द्वारकाबाई खोलीत शिरल्या, चपला काढल्या, चष्मा लावला, माइकपुढं बसल्या. कुंदा दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली. खिडकीत दोन छाया दिसल्या, कडी फिरवली, छाया एक झाल्या. कुंदानं श्वास रोखला.

द्वारकाबाईंनी बटण दाबलं. साऱ्या स्टँडवर आवाज घुमला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चिंचोलीमार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." मग त्यांनी मान वळवली, कुंदाकडे पाहिलं, अन् त्याच आवाजात, त्याच ठसक्यात पुढं म्हणाल्या, "तसेच, ब्लाउज शिवणाऱ्या कुंदाताईंनी कृपया कॅमेऱ्याचे झाकण काढावे."

कुंदानं बघितलं. झाकण तसंच होतं!

स्टँड हसला. वाहक हसले, गाडीतली माणसं खिडक्यांतून हसली, साहेब टेबलावर हात आपटून हसले. द्वारकाबाईंना हसू आवरेना. एक हात माइकवर, एक हात पोटावर, चष्मा नाकावर घसरलेला, डोळ्यांतून पाणी. कुंदानं झाकण ओढून काढलं, भिरकावलं, अन् हसता हसता बटण दाबलं. चुटकी वाजली. कुणी दचकलं नाही.

फोटो जरासा हलला होता. पुढल्या रविवारी कुंदानं तो द्वारकाबाईंच्या हाती दिला. त्यांनी पाहिला, पुन्हा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. म्हणाल्या, "ही मी." अन् कुंदाला जवळ घेतलं.

तेव्हा बायांनो, जशी उजेडाई कुंदावर रागावली तशी कुणावर न रागावो, अन् जशी तिच्यावर उलटून प्रसन्न झाली तशी तुम्हां आम्हांवर होवो. ज्यांना घ्यायचंय त्यांना घ्यायचा धीर येवो, ज्यांनी घेतलंय त्यांचं वापरून वापरून झिजो. ही छत्तीस फोटोंची कहाणी एका फोटोत सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा.