सासरी गेलेलं डाळिंबाचं फूल

फार वर्षांपूर्वी इराण देशात, मिठाच्या वाळवंटाच्या कडेला सरबाद नावाचं गाव होतं. तिथं गोहरबानू नावाची विधवा विणकरीण आणि तिची एकुलती लेक मेहेर राहायची. बाहेर नुसती वाळू. फूल म्हणाल तर औषधालाही नाही. म्हणून तिथली माणसं बाग घरातच अंथरायची. गालिच्यात पाण्याचे पाट, पाटांकाठी सुरूची झाडं आणि मधोमध आपल्या घरचं फूल. कुणाचं नर्गिसचं, कुणाचं गुलाबाचं. गोहरबानूचं डाळिंबाचं.

रीत मोठी कडक. लेक सासरी गेली की घरचं फूल तिच्याबरोबर जायचं. मग आईनंसुद्धा ते विणायचं नाही. सून आली की सुनेचं फूल घरात यायचं. पण गोहरबानूला मुलगाच नव्हता.

मेहेरला दिली लांब, उंटाच्या वाटेनं चाळीस दिवसांवर. तेव्हापासून गोहरबानूच्या गालिच्यात पाट असायचे, पानं असायची, मधली जागा मात्र रिकामी.

गालिचे नेणारा यूसुफ व्यापारी कुरकुरायचा. "बानू, मधे हे भुंडं का ठेवलंस? लोकर संपली काय?"

"फूल सासरी गेलंय."

"मग दुसरं काढ एखादं. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"मला कळतं ना, भाऊ."

बारा वर्षं गेली. दोघींना लिहिता येत नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक तांड्याला गोहरबानू एकच विचारायची, माझी मेहेर आहे का हो? कुणाला ठाऊक नसायचं. मग ती पुन्हा मागाशी जाऊन बसायची. बोलायला घरात दुसरं कोण होतं?

असं म्हणतात, की तिचा गालिचा जिथं अंथरावा तिथं त्या रिकाम्या जागेवर कुणी पाय ठेवत नसे. तिथं कुणी निजलंय अशा बेतानं माणसं वळसा घालून जायची.

तिकडे मेहेरला सासूनं सांगितलं होतं, तुझी आई गेली. म्हणून ती बिचारी माहेरचं नाव काढत नसे. एके दिवशी बाजारात तिनं एक गालिचा पाहिला. लोकर नवी, रंग ताजा, आणि मधे जागा राखलेली. पाटांची वीण तर आईच्याच हातची. नवऱ्याला म्हणाली, "माझी आई जिवंत आहे. उंट तयार करा."

असं म्हणतात, की चाळीस दिवसांची वाट त्या उंटांनी नऊ दिवसांत तोडली, आणि पुढं मधमाश्या वाट दाखवत होत्या.

गोहरबानू मागाशीच होती. मेहेर शेजारी बसली, लाल लोकर घेतली आणि मधल्या जागेत एक गाठ मारली. म्हातारीनं आधी गाठ पाहिली, मग हात पाहिला.

"अजून सैलच मारतेस गं," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

जावयानं उंट दारात बांधले ते कायमचे. मेहेरच्या चिमुरड्या लेकीच्या हसण्यानं घर भरून गेलं. आणि सरबादेत अजूनही लेक पहिल्यांदा माहेरी आली, की मायलेकी एका मागावर बसून घरचं फूल विणतात. त्या दिवशी आईला ती मोकळीक असते. गोहरबानूच्या नावानं.