जांभळावरच्या तीन खाचा

लहान असाल तर पुढे सरका, मोठे असाल तर भिंतीला टेकून बसा. फार फार वर्षांपूर्वी, रान जेव्हा माणसांच्या उंबऱ्यापर्यंत येत असे, तेव्हाची ही गोष्ट आहे.

डोंगराच्या कुशीत प्रभू येशूला मानणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावात नाताळची एक रीत होती. त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल पेटत नसे. चर्चच्या अंगणात एकच मोठा हंडा चढे, त्यात सांबराचं मांस शिजे आणि सगळं गाव एका पंगतीत जेवे. सांबर आणायचा मान गिदोन शिकाऱ्याच्या घराण्याचा होता.

गिदोन पक्का नेमबाज होता. भाविकही होता. हट्टी तर इतका होता, की आपल्या हट्टालाच तो श्रद्धा म्हणत असे!

त्याच्या बापाने पाणवठ्याकाठच्या जांभळावर मचाण बांधलं होतं. खोडावर क्रूस कोरला होता आणि क्रूसाखाली तीन खाचा पाडल्या होत्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असा गिदोनने त्यांचा अर्थ लावला होता. गावातल्या पोरांनाही तो मोठ्या ऐटीत तेच सांगे.

पण त्या वर्षी भयंकर पूर आला. नाचणी वाहून गेली. वर डोंगराचा कडा ढासळला, ओढ्याने वाट बदलली आणि जांभळाखालचा पाणवठा आटून गेला. आता हंड्यात घालायला सांबराशिवाय काहीच नव्हतं, आणि सांबर पाणवठ्याकडे फिरकतही नव्हतं.

गिदोन मात्र मचाणावरून हलेना. वीस दिवस गेले. नाताळ दोन दिवसांवर आला.

त्याची बायको रिबका भाकरी घेऊन झाडाखाली आली. "अहो, पाणी गेलं तिकडे जनावरं गेली. तुम्ही का नाही जात?"

"अगं, माझ्या बापाला देवाने याच जागी दिलं. जागा सोडली म्हणजे भरवसा सोडला."

"भरवसा देवावर ठेवलाय की जांभळावर?" रिबका म्हणाली. "परवा पोरं रिकाम्या हंड्याभोवती बसतील, तेव्हा त्यांना हे झाड दाखवा."

गिदोनने भाकरी घेतली, पण तो खाली उतरला नाही. बोलणं त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलू लागलं, आणि दूर वरच्या खिंडीतून आवाज आला. ढांक! सांबर! गिदोन ताडकन उठून बसला. त्याने हात जोडले. "देवबापा, त्याला इकडे आण!"

ढांक! आवाज आणखी लांब गेला. गिदोनने एक पाय शिडीवर टाकला, परत वर घेतला, पुन्हा टाकला. आणि मग तो मोठ्याने हसला. "देवबापा, वीस दिवस मी तुला इकडे बोलावतोय, आणि तू मला तिकडे!"

त्याने उडीच मारली!

कोरड्या ओढ्याच्या पात्रातून तो वर धावत सुटला. अर्ध्या वाटेवर एका मोहाच्या झाडाला जुन्या मचाणाच्या कुजलेल्या फळ्या लटकत होत्या. खोडावर क्रूस होता, त्याची आडवी रेघ उजवीकडे जरा वर गेलेली. असा क्रूस फक्त त्याचा बाप कोरत असे. त्याखाली दोन खाचा होत्या.

गिदोनला काही कळेना. तो आणखी वर गेला. एका जुन्या ऐनाच्या झाडावर तोच क्रूस दिसला, सालीने अर्धा गिळलेला. त्याखाली एकच खाच होती.

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाप आपली मचाणं मोजत होता! पाणी हललं तसा बाप हलला होता, एकदा नव्हे, दोनदा. गिदोनने फक्त शेवटचं मचाण पाहिलं होतं आणि त्यालाच बापाचा विश्वास समजून बसला होता. त्याला रडूही आलं आणि हसूही आवरेना.

पण रडायला वेळ कुठे होता? खिंडीपलीकडे नवं पाणी चमकत होतं आणि काठावर सांबरांचा कळप उभा होता. इथे मचाण नव्हतं, आडोसा नव्हता. गिदोन आयुष्यात पहिल्यांदाच पोटावर सरपटत निघाला. कोपरं सोलली. वारा फिरला! तो जागीच थिजला. वारा पुन्हा तोंडावर आला, तेव्हाच त्याने श्वास सोडला. पाडस घेऊन एक मादी अगदी जवळून गेली, तिला त्याने जाऊ दिलं. मागून मोठा नर आला. गिदोनने प्रभूचं नाव घेतलं, आणि बाण सुटला.

पहिल्याच बाणात सांबर कोसळलं. गिदोनने शिंग फुंकलं, तसे गावातले आठ गडी धावत आले.

नाताळच्या सकाळी घंटा वाजली, हंडा चढला आणि पंगत बसली. पोरांनी बोटं चाटत खाल्लं. रिबका वाढता वाढता नवऱ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "जांभूळ काही रागावलेलं दिसत नाही." गिदोन इतका हसला, की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी तो नव्या पाण्याकाठी गेला. तिथल्या झाडावर त्याने क्रूस कोरला आणि खाली चार खाचा पाडल्या. मग त्याने पोरांना बोलावून कबूल केलं, "तीन खाचांचा अर्थ मी तुम्हाला चुकीचा सांगितला होता. खरा अर्थ आता ऐका." आणि चौथ्या खाचेखाली त्याने पुढच्या पाचव्या खाचेपुरती साल स्वच्छ तासून ठेवली.

तात्पर्य: देवावरचा विश्वास जागेला चिकटून राहण्यात नसतो, देव नेईल तिकडे निघण्यात असतो.