तायाक्काचं वासरू

वाकीच्या माळावर चढून गेलं की उत्तरेच्या अंगाला दगड रचून केलेला एक मोठा कोंडवाडा दिसतो. छातीइतक्या उंच भिंती, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आत एक अख्खा कळप सहज मावेल. मधोमध जमिनीचा एक गोल तुकडा काळा पडलेला आहे. पाऊस चांगला झाला की सगळा माळ हिरवा होतो, तेवढ्या गोलात मात्र काडी उगवत नाही. पाहुणे आले की माळावरचे म्हातारे मायाप्पा कोळेकर त्यांना तिथे घेऊन जातात. त्या काळ्या जमिनीवर ते काठीही टेकवत नाहीत. बाजूला उभे राहतात, पायताण काढायला लावतात आणि मग सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा या माळावर शेत नव्हतं, बांध नव्हता. खिल्लार गुरांचे कळप होते आणि ते राखणारे ठिलारी होते. सगळ्यात मोठा कळप लिंगाप्पा नाईकाचा. त्याच्या गुरांच्या मांडीवर चंद्रकोरीचा डाग असे. शिमगा सरला की नवी वासरं या कोंडवाड्यात आणायची, मधे शेणकुटांची आगटी पेटवायची, लोखंडी डागणी लाल करायची आणि एकेकाला पाडून डाग द्यायचा. हे काम धुळाकडे होतं, त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होतं. वासरू पाडताना धुळा आपला गुडघा खाली घाली, म्हणजे त्याच्या हाडाला दगड लागू नये. डाग देऊन झाला की हळद-तेलाचं बोट फिरवी आणि वासराच्या कानात काहीतरी पुटपुटे. काय ते कुणाला कधी कळलं नाही. कुणाचं जनावर कुणाच्या कळपात शिरून तंटा झालाच, तर धुळाने केस बाजूला सारून डाग बघावा आणि नाव सांगावं. त्यापुढे कोणी बोलत नसे.

धुळाची बायको लवकर गेली होती. एकच लेक, तायाक्का. ती दक्षिणेकडच्या एका लहान कळपात दिलेली होती. त्यांच्या गुरांवर दोन उभ्या रेघांचा डाग असे. तिचा नवरा बिरू साप चावून गेला. सासरी दुसरं कुणी उरलं नव्हतं. लोक म्हणाले, गुरं वाटून टाक आणि बापाकडे जा. तिने ऐकलं नाही, काठी हातात घेतली आणि कळपामागे चालू लागली. घरात मयत झालं की वर्षभर जनावराला आगीचा चटका द्यायचा नाही, अशी त्यांची रीत. म्हणून त्या साली तिची वासरं बिनडागाची राहिली.

त्याच साली पाऊस पडला नाही. झरे आटले, ओढ्यातली वाळू कोरडी झाली. पाणी राहिलं ते फक्त नाईकाच्या डोहात. तायाक्का आपली गुरं घेऊन बापाच्या आसऱ्याला आली. नाईक म्हणाला, लेकीचीच गुरं आहेत, पिऊ दे. दोन्ही कळप एकाच काठावर बसू लागले.

पण उन्हाळा वाढत गेला तशी नाईकाची वासरं मरू लागली. आईच्या सडाला दूध नव्हतं. तायाक्का मात्र रोज डोंगरात लांब जाऊन पाला तोडून आणी, आपल्या गाईंना घाली, आणि तिची वासरं तगली. ती वासरं नाईकाच्या डोळ्यांत भरली. एका सकाळी तायाक्का पाल्याला गेलेली असताना त्याने धुळाला बोलावलं आणि माळावरची सगळी बिनडागाची वासरं डागायला सांगितली.

धुळा म्हणाला, "त्यात तायाक्काची आहेत, नाईक."

"डाग नाही त्याला धनी नाही. तुझ्याच बापाने घातलेला कायदा आहे. नको असेल तर तू आणि ती, दोघंही डोहावरून उठा."

धुळाने मान खाली घातली. डोहावरून उठायचं म्हणजे मरायचं, हे त्याला दिसत होतं. त्याने मनाची समजूत घातली, म्हणे, की पाऊस पडला की ही वासरं मागून घेऊ, आज पोर जगू दे. आगटी पेटली. त्या दिवशी त्याने कुठल्याच वासराच्या कानात काही सांगितलं नाही.

तायाक्का डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली तेव्हा कोंडवाड्यात जळक्या केसांचा वास भरला होता. तिने भारा खाली टाकला. सगळे ठिलारी जमले होते, नाईक दगडावर बसला होता. तिने नाईकाकडे बघितलंच नाही. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, हे वासरू कुणाचं?"

धुळा आगटीतली राख सारत राहिला. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "डाग चंद्रकोरीचा आहे."

बस्स, एवढंच. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. तायाक्काने जमलेल्या लोकांकडे एकदा पाहिलं, कुणी वर बघेना. तिने आपलं बोचकं उचललं आणि गाईंना हाक दिली. गाई दोन पावलं आल्या आणि परत फिरल्या. वासरं भिंतीआड होती. एक म्हातारी भाकड गाय तेवढी तिच्यामागे गेली.

त्या दिवसापासून तिच्या गाई भिंतीला तोंड लावून उभ्या राहिल्या आणि हंबरत राहिल्या. डोह हाकेच्या अंतरावर होता, पण एकीने पाण्याला तोंड लावलं नाही, असं सांगतात. एकेक करून त्या तिथेच बसल्या, त्या उठल्या नाहीत. धुळाने तो आवाज सोसवेल तितका सोसला आणि मग तो दक्षिणेला लेकीच्या मागावर निघाला.

ती त्याला एका कोरड्या ओढ्यात सापडली. वाळूत हाताने खणलेला खड्डा होता, तळाला ओलही नव्हती. भाकड गाय तिच्यावर सावली धरून उभी होती. धुळाने लेकीला खांद्यावर घेतलं. तिचं बोचकं उचलताना ते जड लागलं. आत तिच्या सासरची डागणी होती, दोन रेघांची.

तिला माती देऊन तो कोंडवाड्यात आला. त्याने आगटी पेटवली, ती डागणी तापायला ठेवली आणि लोकांना हाका मारल्या. नाईकही आला. धुळा सगळ्यांदेखत म्हणाला, "ती वासरं माझ्या लेकीची होती. मला ठाऊक होतं." मग त्याने नाईकाला विचारलं, की ज्याचा डाग त्याचं जनावर, हाच कायदा ना? नाईकाने मान हलवली. धुळाने अंगरखा काढला आणि लाल झालेली डागणी स्वतःच्या छातीवर टेकवली. उचलायची घाई त्याने केली नाही.

"आता मी तिचा," तो म्हणाला. "तुझा नाही."

नाईकाने वासरं सोडून दिली. पण घ्यायला कोण होतं? आया भिंतीशी मरून पडल्या होत्या, धनीण मातीत गेली होती. धुळाने ती वासरं पाला तोडून जगवली. जगली ती थोडीच. पुढे पाऊस आला, पण धुळाने पुन्हा कुणा जनावराला लोखंड लावलं नाही. छातीची जखम त्याने भरू दिली नाही, म्हणे, आणि त्यातच तो गेला. जिथे आगटी होती ती जागा तेव्हापासून अशी काळी आहे.

आता डागणी कुणी तापवत नाही. सरकारी डॉक्टर येतात आणि वासराच्या कानात पिवळा बिल्ला टोचतात. पण आजही, या माळावर बिल्ल्याचा चिमटा कानाला लावण्याआधी त्यांना थांबावं लागतं. घरातलं वडीलधारं माणूस वासराच्या पाठीवर हात ठेवतं आणि मोठ्याने विचारतं, "हे वासरू कुणाचं?" भिंतीपलीकडून त्याची आई हंबरली की मगच बिल्ला बसतो. एखाद्या वासराची आई मेलेली असते. मग तीनदा विचारतात. माळावर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. बायका पदर डोक्यावर घेतात, आणि विचारणाराच हळू आवाजात उत्तर देतो, "तायाक्काचं." ते वासरू तसंच सोडून देतात. त्याला कोणी बांधत नाही, विकत नाही. तहान लागली की माळावरच्या कुठल्याही दारात त्याने जावं, त्याला पाणी आधी मिळतं, मग घरातल्यांना.